खालच्या ओळी

“नुसतं ‘क्षमा कर’ म्हणून उठू नकोस, अग्लाया. कशाबद्दल ते सांग. नाव घेऊन सांग.”

पारिंते ग्रिगोरेंचा, गावच्या धर्मगुरूंचा, आवाज तसा मऊ. शुक्रवारी चर्चमध्ये ती पापांची कबुली देत असताना त्यांनी आपल्या गळ्यातलं वस्त्र तिच्या डोक्यावर धरलं होतं. त्या वस्त्राखालच्या धुपाच्या वासाच्या अंधारात ते एवढंच बोलले, आणि दोन दिवस झाले तरी ते शब्द तिच्या कानातून हलत नव्हते. आता रविवारची दुपार होती. अग्लाया कणीक लाटत होती, मधोमध खारं चीज भरत होती, कडा दुमडत होती, आणि प्रत्येक कडेबरोबर तोच आवाज: नाव घेऊन सांग.

उद्यापासून ईस्टरचा मोठा उपास. घरातलं चीज, लोणी, अंडी आज संपवायची, उद्या भांडी राखेने घासून घ्यायची. आणि आज संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागायची. चर्चमध्ये तर मागायचीच, पण त्याआधी घरात. चाळीस वर्षं ती नवऱ्यासमोर उभी राहून म्हणत आली होती, “तोआदेर, मला क्षमा कर,” आणि तो म्हणत आला होता, “देव करो. मलाही कर. पोळ्या झाल्या का?”

यंदा तेवढ्यावर भागणार नव्हतं. ताटांच्या फडताळात, घडी केलेल्या टेबलक्लॉथखाली, जिल्ह्याच्या इस्पितळातून घरी पाठवताना दिलेला कागद होता. तीन आठवड्यांपूर्वी तोआदेर पलंगावर टेकून बसला आणि म्हणाला, “वाच.” तिने चष्मा लावून वाचला. छातीत जुना कफ आहे, औषधं वेळेवर द्या, आराम, गरम सूप, झाडांना पालवी फुटेल तोवर उतार पडेल. छान, ठणठणीत आवाजात वाचला. कागदावर यातलं काहीच नव्हतं. कागदावर होतं की फुप्फुसातली गाठ आता कापण्यासारखी राहिलेली नाही, रुग्णाला घरी ठेवा, वेदना वाढल्या तर अमुक गोळी, आणि उरले ते थोडे आठवडे.

तोआदेरला दिसत नव्हतं. त्याने मान डोलावली. “पालवी फुटली की मीच येतो चालत चर्चमध्ये,” तो म्हणाला. “कबुली-बिबुली काय ती तेव्हा एकदमच देतो. पारिंतेंना सांग, दोन तास मोकळे ठेवा म्हणावं.”

तेव्हापासून तिला झोप नव्हती. माणसाने जायच्या आधी मन रितं करावं, पवित्र प्रसाद घ्यावा, शेवटच्या श्वासाला हातात पेटती मेणबत्ती असावी. तसं न होता कुणी गेलं तर त्यांच्या गावात ते मोठ्याने बोलत नसत. आणि तोआदेर पालवीची वाट पाहत बसला होता, कारण तिने त्याला पालवी वाचून दाखवली होती.

“रविवारी सूर्य मावळायच्या आत सांगेन,” असं तिने पारिंतेंना वचन दिलं होतं. वचन देताना सूर्य लांब वाटला होता.

फाटक वाजलं. गाव्रिल आला होता. रविवारच्या जेवणानंतर तो यायचाच. साखर कारखान्यात तोआदेरबरोबर एका पाळीला असायचा, आता दोघेही पेन्शनवर. आज त्याने काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चपटं धरलं होतं.

“वहिनी, आहे का आमचा सिनेमापंडित जिवंत?” हसला तशी त्याचा पुढचा सोन्याचा दात चमकला.

“बसलाय,” अग्लाया खालच्या आवाजात म्हणाली. “बूट काढा. चिखल आहे.”

आतल्या खोलीत दोघांची सुरुवात व्हायला वेळ लागला नाही. तिला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

“तो जबडेवाला अजून काम करतोय म्हणे,” गाव्रिल म्हणत होता. “सत्तरी उलटली.”

“करू दे. पंच्याण्णव साली तरी कुठे काम येत होतं त्याला?” तोआदेरचा श्वास दर चार शब्दांनी अडखळत होता, पण मत अडखळत नव्हतं. “पोलिस झाला तरी तसाच, बाप झाला तरी तसाच. वाक्याआधी नाकातून हवा सोडायचा. घोडा कुठला.”

“बायका वेड्या होत्या रे त्याच्यापायी.”

“बायका बघत होत्या. ऐकत कोण होतं? मी ऐकत होतो. चाळीस कोटींची इमारत जळतेय, आणि आवाज असा, की बटाटे सोलून झाले का विचारतोय.”

गाव्रिल खो खो हसला. “मग ती बारक्या आवाजाची? तिला तर तू राणी करून ठेवलीयस.”

“आहेच. तिला उगाच नावं ठेवली लोकांनी. रडायच्या आधी ती गिळायची, ऐकलंयस कधी? रडायला काय, कुणालाही येतं. गिळायला येत नाही. आता कुणी गिळतच नाही, सगळे नुसते भोकाड पसरतात. तेव्हा सिनेमात दार लागलं तर दार लागल्यासारखं वाजायचं. आता दार लागलं तरी मागे पन्नास ढोल.”

“म्हातारा झालास.”

“तू झालास. मी दिसत नाही म्हणून तुला तरुण दिसतोय.”

अग्लाया गरम पोळ्यांचं ताट घेऊन दारात आली तेव्हा गाव्रिल टॉवेल सोडत होता. आतून काळी चकचकीत पाटी निघाली, त्याच्या लेकीने इटलीहून पाठवलेला टॅब्लेट.

“सापडला,” तो म्हणाला.

“कोणता?” तोआदेरने मान त्याच्याकडे वळवली.

“कोणता काय! तीन आठवडे डोकं खातोयस. नावाड्याचा. लेकीने शोधून यात घालून दिलाय. खाली ओळीपण आहेत, आपल्या भाषेत. फक्त मला नाही जमत एवढ्या भरभर वाचायला. वहिनी वाचतील.”

अग्लायाने ताट टेबलावर ठेवलं. ठेवताना एक पोळी घसरून खाली पडली, ती तिने उचलली, फुंकर मारली, पुन्हा ताटात ठेवली, पुन्हा उचलून बाजूला ठेवली.

“मात्र याचा जीव संपत आलाय,” गाव्रिल पाटी उलटी-सुलटी करत म्हणाला. “वायर घरी राहिली. आणतो जाऊन. गुडघा साथ देईल तसा, अर्धा तास धरा.”

फाटक पुन्हा वाजलं. ती दारातच उभी राहिली.

*

एक्याण्णव साली कारखान्यात बिटाचा हंगाम चालू असताना नळीचा जोड उडाला आणि चुन्याचं कढत पाणी तोआदेरच्या तोंडावर आलं. त्वचा भरून आली, डोळे परत आले नाहीत. तेव्हा तो एकेचाळीसचा होता. त्याच्या आधी तो सिनेमाचा वेडा. शनिवार-रविवार गावच्या थिएटरात, तोच सिनेमा दोनदा. डोळे गेले आणि नेमके त्याच सुमाराला परदेशी सिनेमे घरोघरी टीव्हीवर यायला लागले, जुन्या राजवटीची इतक्या वर्षांची बंदी उठून धरण फुटल्यासारखे. बोलणं परक्या भाषेत, अर्थ तळाशी, पांढऱ्या ओळींत. त्या ओळी तोआदेरला अग्लाया वाचून दाखवायची. टीव्हीला जवळजवळ नाक लावून ती स्टुलावर बसायची आणि भरभर वाचायची. ओळ जाईल या धाकाने नजर वर न्यायची सोय नव्हती. सगळं गाव ज्या नटांवर मरायचं त्यांच्या तिने दहा वर्षं फक्त हनुवट्या पाहिल्या.

पहिली ओळ तिने गाळली ती शिवी होती. बुधवार होता, तिचा उपास होता, तोंडातून तसला शब्द काढवेना. तिने “अरे देवा” वाचलं. पुढे सगळ्या शिव्यांचं तिने “अरे देवा” केलं. तोआदेर म्हणायचा, “हे गुंड फारच देवभोळे आहेत गं.” ती म्हणायची, “असतील.”

एवढ्यावर राहिलं असतं तर देवानेही डोळेझाक केली असती. पण चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात एका सकाळी तोआदेर काठी घेऊन एकटाच सिरेत नदीकडे गेला. पोप्लरच्या झाडांपाशी बर्फावर तो लोकांना सापडला. वाट चुकलो म्हणाला. आंधळा झाल्यापासून तो एकदाही वाट चुकला नव्हता. तिने काही विचारलं नाही. त्या रात्रीपासून दाराची किल्ली मात्र ती उशीखाली ठेवायला लागली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो नावाड्याचा सिनेमा लागला. म्हाताऱ्या नावाड्याचे पाय जातात. बायको त्याला उचलते, भरवते, धुते. दोन तास नुसतं एवढंच, आणि तोआदेर इतका शांत बसला होता की मधेच तिने त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला. शेवटी पहाटे नावाडी मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवतो आणि हातांनी सरपटत होडीपर्यंत जातो. त्याच्या आवाजात चिठ्ठी ऐकू येते. तळाशी ओळ आली: तू झोपली आहेस, उठवत नाही.

तेवढं तिने वाचलं. पुढची ओळ तिने पाहिली, आणि अग्लायाच्या तोंडून निघालं, “जरा मासे धरून येतो. सूप गरम ठेव.”

चिठ्ठी मोठी होती. तिला बरंच काही सुचवावं लागलं. छत्री कुठे आहे, कोंबड्यांना दाणा घाल, जाळं दुरुस्त करायला हवं.

“मग संगीत का असं रडकं?” तोआदेरने विचारलं.

“त्यांच्याकडे तसंच असतं.”

“आणि ती बाई का ओरडतेय?”

“जेवायला हाक मारतेय.”

“एवढ्या मोठ्यांदा?”

“लांब गेलाय ना तो.”

“आला का?”

पडद्यावर रिकामा समुद्र होता. वाचायला खाली काही नव्हतं, म्हणून तिने प्रथमच वर पाहिलं होतं. “आला,” ती म्हणाली. “बसलाय जेवायला.”

त्या दिवसापासून तोआदेरच्या मते नव्वदच्या दशकात खरा सिनेमा एकच झाला. फाटकाबाहेरच्या बाकावर, न्हाव्याकडे, पेन्शनच्या रांगेत तो सांगायचा, “बाकीचे नट मरतात तेव्हा टाळ्या घेतात. हा एकटा घरी येतो. पाय नाहीत, अंगाला माशांचा वास, बायकोला ओझं, तरी येतो. आणि ती बाई काय हाक मारते! जेवायला अशी हाक आमच्या हिने जन्मात मारली नाही.” लोक एकमेकांकडे बघायचे. कधी कुणी हसायचं. ती तिथे असली तर मान खाली घालून भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची.

*

आता देवमातेच्या चित्राखालच्या दिव्यात तिने तेल घातलं, वात सारखी केली, हात पुसले. मग पलंगापाशी जाऊन उभी राहिली.

“तोआदेर.”

“हं. पोळी छान झालीय. मीठ जरा जास्त.”

“तोआदेर, मला क्षमा कर.”

“आत्ताच? संध्याकाळी मागतेस ना.” तो हसला, खोकला आला, तिने पाठीवर हात धरला. खोकला थांबल्यावर म्हणाला, “देव करो. मलाही...”

“थांब. तेवढ्याने नाही होत यंदा.” तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईना. “तो नावाडी. तो परत नाही येत. चिठ्ठीत ते मासे-बिसे काही नव्हतं. सूपही नव्हतं. ते सगळं माझं.”

तोआदेरने अर्धी पोळी हातातच धरली होती. ती त्याने चाचपडत ताटलीत ठेवली. बोटांचं लोणी चादरीला लागू नये म्हणून हात तसाच अधांतरी धरून राहिला. तिने फडक्याने तो पुसला.

“गाव्रिलचा दात कशाने पडला?” त्याने विचारलं.

“शिडीवरून पडले ना ते. सत्त्याण्णव साली.”

“शिडीवरून! त्याने आयुष्यात शिडी धरलीय का? मी पाडला.” तो पुन्हा थोडा हसला. “कारखान्याच्या फाटकापाशी मी तुझ्या नावाड्याचं कौतुक करत होतो. हा म्हणाला, अरे गाढवा, तो बुडतो, सगळ्या गावाने पाहिलाय, वहिनी तुला काहीतरी भलतंच सांगतेय. मी आवाजाच्या अंदाजाने ठेवून दिली. अंदाज बरोबर निघाला.”

अग्लाया पलंगाच्या कडेवर बसली. तिला आठवलं, त्या वर्षी गाव्रिल आठ महिने घरी आला नव्हता. गुडघा धरलाय, असं तोआदेर सांगायचा.

“म्हणजे तुला एकोणीस वर्षं...”

“वीस होतील.”

“आणि तरी तू तसंच सांगत राहिलास? लोक हसायचे, तरी?”

“हसू देत. त्यांनी त्यांचा सिनेमा पाहिला. आमच्या घरी तो असा संपला.” तो थांबला. श्वास गोळा करायला त्याला आता वेळ लागत होता. “ती हाक तू मला मारत होतीस, अग्लाया. तेवढं न कळायला मी काय कानांनीही गेलो होतो? मी आलो. जेवलो. त्यात क्षमा कसली मागायची?”

कोपऱ्यातल्या चुलीत एक लाकूड खचलं.

“तरी मागितलीयस तर देतो,” तो म्हणाला, आणि या वेळी त्याने घाई न करता, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हटलं, “देव तुला क्षमा करो.”

तिने क्रूसाची खूण केली. छातीवरचं काहीतरी उतरायला हवं होतं. उतरलं नाही. नावाड्याचं सांगून झालं होतं, आणि ते सोपं निघालं. वचन नावाड्याचं नव्हतंच.

खिडकीतलं ऊन गादीच्या पायथ्यापाशी गेलं होतं.

“आता विचार,” तोआदेर म्हणाला.

“काय?”

“गाव्रिलला मी तो सिनेमा कशाला शोधायला लावला ते. तीन आठवडे मागे लागलोय, त्याला वाटतं म्हाताऱ्याला चळ लागला. मला त्याची खरी चिठ्ठी ऐकायचीय. माणूस काय लिहून जातो, कसं सांगतो बायकोला. मी काही शिकलेला नाही. मला तसलं बोलता येणार नाही. म्हटलं त्याच्याकडून उसनं घ्यावं.”

“कशाला हवंय तुला तसलं...”

“अग्लाया, माझे डोळे गेलेत. इस्पितळात तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा दोन नर्सबाई माझ्या पलंगाशी उभ्या राहून बोलत होत्या. आंधळ्याला ऐकूही येत नाही असं लोकांना का वाटतं, देव जाणे. त्यातली एक रडायच्या आधी गिळत होती. चांगली पोर असणार.”

तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

“मग मला का वाचायला लावलंस तो कागद?” ती शेवटी म्हणाली. “आणि पालवीचं का बोललास?”

“तू इतकं छान वाचलंस. पालवी-बिलवी. मला मोडवेना.” त्याने तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला. “तुला वाटलं असेल, याला काही दिवस बरे जावेत. मला वाटलं, हिला काही दिवस बरे जावेत. गेले की तीन आठवडे. पण आता मला पारिंतेंना बोलवायचंय. लपून कसं बोलवू? तू रोज सूप आणून देतेस आणि म्हणतेस, उतार दिसतोय हं. मी मेणबत्ती कुठल्या तोंडाने मागू?”

फाटक वाजलं. बूट काढल्याचा आवाज आला, आणि गाव्रिल वायरीचं भेंडोळं गळ्यात अडकवून दारात उभा राहिला. “कुत्र्याने चघळली होती, पण चालेल...” दोघांचे चेहरे पाहून त्याने आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

“गाव्रिल,” तोआदेर म्हणाला, “पारिंते ग्रिगोरेंकडे जातोस? संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर इकडे या म्हणावं. सगळं सामान घेऊन.”

गाव्रिलने अग्लायाकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने टोपी हातात घेतली, पुन्हा घातली. “मला क्षमा कर रे तोआदेर,” तो म्हणाला. “आजचा दिवस आहे म्हणून.”

“देव करो. दाताबद्दल मलाही कर.”

“तो सोन्याचा बरा आहे,” गाव्रिल म्हणाला आणि घशाशी आलेलं गिळत बाहेर पडला. वायर तशीच त्याच्या गळ्यात होती.

चर्चची घंटा सुरू झाली. चाळीस वर्षांत या रविवारची प्रार्थना अग्लायाची चुकली नव्हती. तिचा काळा रुमाल दाराच्या खुंटीला इस्त्री करून लावलेला होता. घंटेच्या पहिल्या ठोक्याला ती सवयीने उठली, आणि तशीच खाली बसली.

“जा ना,” तोआदेर म्हणाला.

“नाही.”

“सिनेमा मग बघू. तो कुठे पळत नाही. त्याआधी...” तो खोकला, थांबला. “तो कागद आहे ना, तो वाचून दाखव मला. जसा आहे तसा. नर्सबाईंकडून ऐकलंय, पण ते चोरून ऐकलेलं. तुझ्या तोंडून ऐकायचंय. सगळं, गोळ्यांच्या नावांसकट. वाचशील?”

“वाचेन,” ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. पिठाचे हात पुन्हा धुतले, कोपरापर्यंत, स्तोत्रं वाचायच्या आधी धुवायची तसे. फडताळ उघडून टेबलक्लॉथखालून कागद काढला. चष्म्याच्या काचा एप्रनच्या टोकाने पुसल्या. खोलीत येऊन तिने स्टूल पलंगाला चिकटवून घेतलं, खिडकीकडे पाठ केली म्हणजे उरलेलं ऊन कागदावर पडेल. तोआदेरने उशी मागे सारली आणि तिच्याकडे कान केला.

सगळ्यात वर इस्पितळाचा शिक्का होता, तारीख होती, आणि तिच्याखाली त्याचं नाव. अग्लायाने तिथपासून सुरुवात केली.